वरून चौथी पायरी

समुद्रावर आमच्या भावोजींइतका जीव असलेला आणि समुद्राला त्यांच्याइतकं कमी शिवलेला माणूस अख्ख्या कावेरीच्या मुलखात दुसरा सापडायचा नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर लोक देवळातल्या कट्ट्यावर बसतात, नातवंडांना क्लासला सोडतात. हे बासष्टाव्या वर्षी पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकले, आणि गेली सहा वर्षं तंजावूरच्या डायव्हिंग क्लबचे सेक्रेटरी आहेत. तंजावूरला समुद्र नाही. जवळात जवळचा किनारा बसने अडीच तासांवर. तरी क्लब आहे. त्याला सात सभासद आहेत, एक रबरी शिक्का आहे आणि सरावाला एका कॉलेजचा पोहण्याचा तलाव आहे. समुद्र नसलेल्या गावात असला क्लब कशाला, असं कोणी विचारलं की भावोजी शांतपणे सांगतात, "समुद्र असलेल्या गावात क्लब कशास होणा? तेथ अस्क्यांना समुद्रच आहे की." आमच्या तंजावरी मराठीत होणा म्हणजे हवा आणि अस्के म्हणजे सगळे.

मीही त्या सातांतला एक. बारा वर्षं पुण्यात नोकरी केली म्हणून मला मराठी लिहिता येतं. नाहीतर आमच्या घरांत मराठी बोलायची असते, आणि कागद पुढे आला की तमिळ. देवनागरी अक्षरं भावोजींना लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांसारखी वाटतात, चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही. तेव्हा हे ते वाचणार नाहीत, या भरवशावर मी मोकळेपणाने लिहितो आहे. अक्काने वाचून दाखवायला सांगितलंच, तर दोनतीन ठिकाणी खोकला काढीन.

चाळीस वर्षं कालव्यांवर घालवल्यामुळे कुठलंही पातळ वाहताना दिसलं की भावोजी त्याचा हिशेब मनात मांडतात. एका लग्नाच्या पंगतीत रसमची बादली घेऊन निघालेल्या वाढप्याला त्यांनी हात आडवा करून थांबवलं आणि म्हणाले, "वरच्या पानांस एवढं सोडलंस तर शेवटच्या पानास पोचणार नाही." वाढपी हसून पुढे गेला. शेवटच्या पानावर वरमाय बसल्या होत्या, आणि रसम पोचलं नाही. नोकरीत असताना कालव्याचं दार अडकलं की हे खालच्या माणसाला न सांगता स्वतः वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, खोचून त्या गढूळ पाण्यात उतरत, डोळे मिटून हातांनी दार चाचपत आणि वर येऊन कुठला बोल्ट नाही ते सांगत. कंत्राटदार त्यांना टरकून असत. बाकीच्या साहेबांना जे दिसेल तेच दिसायचं. यांना न दिसणारंही सापडायचं.

खात्याची सवय पाण्याखालीही सुटली नाही. पाण्यात बोलता येत नाही म्हणून आम्ही खुणा करतो, आणि फारच अडलं तर मनगटाला बांधलेल्या पाटीवर शिसपेन्सिलीने एखादा शब्द लिहितो. भावोजी पत्र लिहितात. आमचा शिक्षक सेल्वम, त्याच किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या घरातला, एकदा चाळीस फुटांवर बोटांनी 'हवा किती उरली?' म्हणून विचारता झाला. भावोजींनी पाटी घेतली, वर 'विषय' लिहिलं, खाली 'आपल्या खुणेस अनुसरून' असं सुरू केलं, आणि आकडा येईपर्यंत तो आकडा खोटा ठरला होता. थंडीच्या दिवसांत तिथलं पाणी खाली चांगलं गार असतं. थंड देशांतल्या पाणबुड्यांना आमचं हे गार ऐकून हसू येईल, पण आम्ही तंजावूरची माणसं; पारा जरा घसरला की आमच्या कपाटांतून माकडटोप्या बाहेर पडतात. भावोजी रबरी पोशाखावर माकडटोपी घालून बोटीत बसतात. एकदा ती तशीच डोक्यावर ठेवून त्यांनी वरून पाण्यातला काचेचा मुखवटा चढवला. लोकर आणि रबर यांचं पटलं नाही, मुखवट्यात पाणी भरलं, आणि सेल्वमने त्यांना दंडाला धरून वर आणलं. त्या दिवसापासून टोपी बोटीतच राहते, अक्काच्या पिशवीत, सुंठीच्या कॉफीच्या थर्मासशेजारी.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे जुनी माणसं सांगत की पिंपळाला आणि समुद्राला नमस्कार करावा, पण येताजाता हात लावू नये. समुद्राला शिवायचं ते पर्वकाळी: अमावास्या, पौर्णिमा, ग्रहण. आता हे कोणी पाळत नाही. पाळणारे असतील ते डायव्हिंग क्लबात नाव घालत नाहीत. भावोजींनी नावही घातलं आणि नेमही सोडला नाही. क्लबच्या सहलींच्या तारखा सेक्रेटरी ठरवतात, म्हणून तारखांसाठी आमच्या सेक्रेटरींनी हवामानाचा अंदाज कधी उघडला नाही. ते पंचांग उघडतात. अमावास्या किंवा पौर्णिमा शनिवार-रविवारी आली की आम्हाला पोस्टकार्ड येतं. फोन नाही, पोस्टकार्ड, शिक्क्यासकट.

यातली गोम अशी की अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला भरती-ओहोटी जोराची येते. खालचं पाणी पळतं, तळाची माती उठते आणि स्वतःचा हात पुढे धरला तर कोपरापर्यंतच दिसतो. स्वच्छ, ठेवणीतलं पाणी मिळतं ते सप्तमी-अष्टमीला. सेल्वमने हे पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं. त्याला वाटलं, सारांना (भावोजींना तो 'सार' म्हणतो) ठाऊक नसेल. भावोजींनी पिशवीतून स्वतः काढलेला आलेख काढला, चंद्राची कला एका बाजूला, पाण्याचा गढूळपणा दुसऱ्या बाजूला, आणि म्हणाले, "तू सांगतोस ते बरोबर आहे. माझ्या आलेखात थोडं जास्तच बरोबर आहे." मग पुढची सहल त्यांनी पौर्णिमेला ठरवली.

शेवटी आम्ही सहा जणांनी बंड केलं आणि अष्टमीच्या सहली सुरू केल्या. भावोजींनी राग धरला नाही. उलट त्या सहलींची व्यवस्थाही तेच बघू लागले. आम्ही पाण्यात, आणि ते वाळूवर सहा टॉवेल खांद्यावर टाकून, ओल्या वाळूच्या रेषेपासून चार हात मागे उभे. एका सप्तमीला मोठी लाट आली आणि त्यांच्या घोट्यापर्यंत चढली. सेल्वम म्हणाला, "सार, आज शिवलंत." भावोजींनी पायाकडे बघितलं. "मी शिवलों नाही," ते म्हणाले, "तो शिवला." तरी विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि जानवं बदललं. बाजू भक्कम असली तरी भावोजी अपिलाची वाट बघत नाहीत.

आम्ही सगळे जायचो ते एका बुडालेल्या जहाजाकडे. किनाऱ्यापासून बोटीने पाऊण तासावर, साठ फूट पाण्यात एक जुनं मालवाहू जहाज कुशीवर कललेलं पडलं आहे. अष्टमीच्या पाण्यात आम्ही सहा जणांनी ते इतक्या वेळा बघितलं की माझ्याकडे त्याच्या पंख्याचे आणि त्याभोवतीच्या माशांचे शंभर फोटो असतील. सहा वर्षांत ते न बघितलेला सभासद एकच. दर पर्वाला भावोजी दोरीला धरून खाली जायचे, दहा मिनिटं गढूळात लोंबकळायचे आणि वर यायचे. अक्का विचारायची, "दिसलं?" भावोजी म्हणायचे, "आज नाही." एकदा मी वैतागून विचारलं की एवढं काय आहे त्या लोखंडात. तेव्हा त्यांनी नकाशा दाखवला.

नकाशा त्या जहाजाचा होता, मापात काढलेला, आणि तो त्यांनी ऐकून काढला होता. भावोजींच्या आई त्या किनाऱ्यावरच्या बंदराच्या गावच्या. त्यांचे वडील बंदराच्या कचेरीत कारकून. आई नऊ वर्षांच्या असताना वडील त्यांना हे जहाज दाखवायला घेऊन गेले. डेकवरून वरच्या मजल्यावर जायला उघडा लोखंडी जिना होता, अकरा पायऱ्यांचा. पोरगी सात पायऱ्या चढली, खाली पाणी दिसलं, आणि घाबरून आठवीवर, म्हणजे वरून चौथीवर, बसून राहिली. वडील वर साहेबाशी बोलत होते. एका खलाशाने तिला रडू येऊ नये म्हणून बिस्किट दिलं. बाहेरचं, परक्या हातचं, खायचं नाही हे तिला ठाऊक होतं. तिने ते मुठीत धरून घरी आणलं, आणि तिच्या आईने ते परसात फेकलं. त्याच वर्षी वादळात जहाज बुडालं. आई पुढे शहाऐंशी वर्षं जगल्या, घरात बिस्किटं आली-गेली, पण त्यांनी एकही तोंडाला लावलं नाही. भावोजींना लहानपणी दहीभात भरवताना मात्र गोष्ट हीच: किती पायऱ्या, धुराची चिमणी कुठल्या हाताला, आणि ते बिस्किट कसं लागलं असतं. समुद्राला पर्वाशिवाय शिवणार नाही, हे वचनही त्यांनीच मुलाकडून घेतलं, तो सात वर्षांचा असताना, त्याच किनाऱ्यावर. नकाशात वरून चौथ्या पायरीवर एक बारीक खूण होती आणि तिच्याशेजारी लिहिलं होतं, 'बेंच मार्क'. कालव्याच्या नकाशात ज्या पक्क्या जागेपासून बाकी सगळी उंची-खोली मोजतात, तिला ते लोक बेंच मार्क म्हणतात.

गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी भावोजींच्या क्लबच्या फॉर्मवर सही करताना सांगितलं की ही शेवटची. उजव्या कानाचा पडदा आता खोलीचा दाब घेणार नाही. सहीची मुदत माघापर्यंत होती. त्या मुदतीत शनिवार-रविवारी पडणारं पर्व एकच उरलं होतं, संक्रांतीनंतरच्या तमिळ तै महिन्यातली अमावास्या, रविवारी. आम्हाला पोस्टकार्डं आली. या वेळी शिक्क्याखाली 'अगत्य यावे' असं जास्तीचं लिहिलं होतं.

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा चतुर्दशी होती, आणि समुद्र असा स्वच्छ होता की सेल्वमचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. उद्याची भरती अजून यायची होती, वारा पडला होता, आणि बोटीतून वाकून बघितलं तर खाली जहाजाची काळी कड दिसत होती. दहा वर्षांत असं पाणी बघितलं नाही, असं सेल्वम म्हणाला. मी खाली गेलो आणि पहिल्यांदाच पंखा, मासे सोडून जिना शोधला. मला सापडला नाही. वर येऊन किनाऱ्यावर आलो, टॉवेल घेताना भावोजींनी विचारलं, "जिना?" मी म्हणालो, "आहे. लख्ख दिसतो. आत्ता चला." खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही, माणूस पाण्यात उतरायला हवा होता.

"किती पायऱ्या?" भावोजींनी विचारलं.

"मोजल्या नाहीत."

अक्का पुढे आली. ती सहसा या बाबतीत बोलत नाही. म्हणाली, "सासूबाई जाऊनु चार वर्षं झाली. उद्या पाणी बिघडेल असं सेल्वम म्हणतो. जाऊनु या आज. त्यांस मी सांगीन." भावोजींनी पंचांग काढलं, चष्मा लावला, अमावास्या किती वाजता लागते ते बघितलं. संध्याकाळी सात बेचाळीस. पुन्हा बघितलं, पंचांगाने आकडा बदलला नाही. त्यांनी ते मिटलं आणि म्हणाले, "नोको." मग ओल्या रेषेपासून चार हात मागे वाळूवर बसले आणि ते पाणी संध्याकाळपर्यंत बघत राहिले. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. सत्तरीला आलेल्या माणसाने सात वर्षांच्या पोराच्या शब्दाला इतकं बांधून घ्यावं, याला नेम म्हणावं की हट्ट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

रविवारी वारा फिरला. सकाळी किनाऱ्यावर तर्पणाला माणसांची गर्दी, आणि त्यांच्यापलीकडे समुद्र चहाच्या रंगाचा. भावोजींनी भटजींसमोर बसून तीळ-पाणी सोडलं, आईचं नाव तीन वेळा घेतलं, बोटातलं दर्भाचं पवित्र काढलं आणि रबरी पोशाख चढवला. सेल्वमने एकदाच विचारलं, "सार, खाली काही दिसणार नाही. जायचं?" भावोजी म्हणाले, "कालव्यात कधी दिसलं?" खाली जोडीनेच जायचं असा नियम असतो. त्यांची जोडी मी होतो.

दोरी जहाजाच्या डोलकाठीच्या बुंध्याला बांधलेली असते. आम्ही तिला धरून उतरलो. वीस फुटांनंतर पाणी गार झालं, चाळिसानंतर तपकिरी, आणि बुंध्याशी पोचलो तेव्हा मला माझं मनगटावरचं घड्याळ दिसत नव्हतं. सेल्वम वर कुठेतरी दोरी राखत होता. खरं सांगतो, मी घाबरलो. सहा वर्षं हे जहाज मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि डोळे गेल्यावर मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. भावोजींनी मात्र हातमोजे काढले. ते मला दिसलं नाही. मोजे माझ्या मुठीत कोंबले गेले तेव्हा कळलं. मग माझा पट्टा धरून ते हाताने चाचपत निघाले, सावकाश, थांबत, मोजत. परतीची वाट सापडावी म्हणून दुसऱ्या एका दोरीचं भेंडोळं ते मागे उलगडत होते. डावीकडे काहीतरी मोठं गोल लागलं, ती चिमणी असावी. तिथून ते वळले, आणखी थोडं वर सरकले आणि थांबले.

त्यांनी माझा हात धरला आणि कशावर तरी ठेवला. शिंपल्यांनी खरखरीत झालेली एक कड. मग हात खाली नेला, दुसरी कड. तिसरी. चौथीवर त्यांनी माझा हात दाबून धरला, जरा जास्त वेळ, आणि सोडला. मग प्लॅस्टिकचा कागद सोडवताना होते तशी हातांची हालचाल जाणवली. मी पुन्हा बोटं नेली तर चौथ्या पायरीवर काहीतरी मऊ होतं, चिखलासारखं, आणि माझ्या बोटांखालीच विरून गेलं. पाटीवर ते काही लिहीत असावेत, पेन्सिलीची करकर ऐकू आली. वाचायला उजेड नव्हता. आम्ही दोरीवरून मागे आलो, ठरलेले थांबे घेत वर.

बोटीत अक्का थर्मास उघडून बसली होती. भावोजींचे दोन्ही तळवे शिंपल्यांनी चिरले होते. तिने पिशवीतून हळद काढली आणि एकेक बोट पुसत लावू लागली. "दिसलं?" तिने विचारलं.

"काही नाही," भावोजी म्हणाले. "नऊ पायऱ्या. खालच्या दोन वाळूत असतील." मग माकडटोपी घातली आणि माझ्याकडे वळले. "काल तू बघितलास तो जिना हाच?"

मी म्हणालो, "हौ." त्यांनी मान हलवली आणि तो विषय कायमचा बंद केला. त्यांच्या पाटीवर लिहिलं होतं: विषय, बिस्किट. खाली, पोचले.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भावोजी आता पाण्यात जात नाहीत. सेक्रेटरी तेच आहेत, आणि तारखा मात्र निमूटपणे अष्टमीच्या काढतात. परवाच्या अष्टमीला पाणी छान होतं. मी दोरीने उतरलो, डोळे मिटले, चिमणी डाव्या हाताला घेतली, आणि जिना सापडला. मग डोळे उघडून फोटो काढला. किनाऱ्यावर टॉवेल घेताना तो त्यांना कॅमेऱ्याच्या काचेवर दाखवला. भावोजींनी चष्मा कपाळावर सारला, वरून एकेक पायरी बोटाने मोजली आणि चौथीवर बोट ठेवून बराच वेळ बघितलं. माझ्या हातावरची समुद्राची ओल त्यांच्या बोटांना लागली असावी. त्यांनी हात मागे घेतला आणि धोतराला पुसला.

"मी नकाशात रुंद काढली होती," ते म्हणाले. "एवढीशी आहे रे. नऊ वर्षांचीच पोर मावेल."